मनाचा आजार: लपवायचा कशाला?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात आपल्या सोसायटीच्या सभागृहात झालेले हे भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून, थोडे संपादन करून येथे देत आहोत. वक्त्या आपल्या सोसायटीच्या सभासद व निवृत्त शिक्षिका आहेत. – संपादक मंडळ)



समितीनं मला आरोग्यावर बोलायला सांगितलं. या आठवड्यात मधुमेहावर बोलून झालं, गुडघ्यांवर झालं, दातांवर झालं. उरलं ते मन. मी म्हटलं, मी मनाच्या आजारावर बोलते, पण पुस्तकातलं वाचून दाखवणार नाही. जे मला माहीत आहे तेच सांगते.

मला बायपोलर नावाचा मानसिक आजार आहे. आपली सोसायटी नोंदवली गेली त्याच्या आदल्या वर्षी त्याचं निदान झालं. म्हणजे सोसायटीचं आणि माझ्या आजाराचं वय जवळपास सारखंच. या पंचवीस वर्षांत मी तुमच्यासोबत हळदीकुंकू केलं, गणपती बसवले, पाण्याच्या टँकरसाठी भांडले, तुमच्यातल्या कित्येकांच्या मुलांना अपूर्णांक शिकवले. आणि रोज रात्री जेवल्यावर गोळ्या घेतल्या. माझ्या घरच्यांशिवाय ही गोष्ट इथं फार तर दोघांना ठाऊक होती. आज सगळ्यांना सांगते आहे.

आधी हा आजार म्हणजे काय, ते सांगते. सुखदुःख सगळ्यांनाच असतं. सोयाबीनला भाव मिळाला की आनंद होतो, पडला की जीव खालीवर होतो. त्याला आजार म्हणत नाहीत. बायपोलरमध्ये मनाचे दोन टोकाचे काळ येतात आणि ते आठवडे, कधी महिने टिकतात. एका टोकाला उन्माद. तेव्हा मला रात्री दोन तास झोप पुरायची आणि तरी थकवा नसायचा. डोक्यात विचारांची नुसती रीघ. एकदा मी रात्रभर बसून सगळ्या तालुक्यातल्या शाळांसाठी योजना लिहून काढली, आणि त्याच आठवड्यात पगाराच्या दुप्पट पैशांची उधारी करून भांडी-कापडं आणली. मला तेव्हा वाटायचं, आपल्यासारखं हुशार कोणी नाही. दुसऱ्या टोकाला नैराश्य. तेव्हा आंघोळ करणं म्हणजे डोंगर चढण्यासारखं. खडू हातात जड व्हायचा. मुलं समोर बसलेली असायची आणि मला पुढचं वाक्य सापडायचं नाही. आपण घरावर ओझं आहोत, असं मनात यायचं. आज बरं असताना मला कळतं की तो आजार बोलत होता. पण त्या वेळी तेच खरं वाटतं.

निदान व्हायला दोन वर्षं गेली. आधी अशक्तपणाची सलाइनं झाली, मग पोटाची तपासणी, मग थायरॉइड. मग नातेवाइकांनी सांगितलं की हे बाहेरचं आहे. अंगारा झाला, लिंबू झाले, एका ठिकाणी दर अमावस्येला जाणं झालं. मी त्यांना दोष देत नाही, ते माझ्यासाठीच धावपळ करत होते. त्यांच्या ओळखीत मनाच्या डॉक्टरकडे गेलेलं कोणी नव्हतंच. गेलेलं असेल, तर सांगितलेलं नव्हतं. मुद्दा इथंच आहे. रस्ता माहीत असलेला माणूस गप्प बसला की मागचा माणूस चुकीच्या वाटेनं जातो, आणि त्या वाटेवर त्याची दोन-दोन वर्षं जातात.

शेवटी अकोल्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. ऐंशीएक किलोमीटरवर अकोला, सकाळची एसटी. पुढं बरीच वर्षं आम्ही अकोल्यालाच जात राहिलो, कारण तिथं ओळखीचं कोणी भेटणार नाही याची खात्री. कोणी विचारलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. गोळ्यांची पाकिटं अकोल्यातच फेकायची आणि गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून आणायच्या. एकदा एका शाळेत माझ्या आजाराची कुणकुण लागली, तेव्हा दोन पालकांनी मुलांचे वर्ग बदलून मागितले. त्यामुळे लपवण्याला कारण होतं, भीती खोटी नव्हती. पण लपवण्याचा खर्चही मोठा असतो. गोळी संपली आणि अकोल्याला जाणं जमलं नाही, तर शेजारी मागता येत नाही. चेहरा उतरला, तर खरं सांगता येत नाही. आजार एक आणि तो झाकायचं काम दुसरं. दुसरं काम जास्त थकवतं.

असं लपवणारं मी एकटीच नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात शंभरातल्या दहा-अकरा प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं. त्यातल्या वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. आपल्या तीन विंगच्या घरांवर हा हिशोब लावून बघा. इथं मी काही अपवाद नाही.

आणि बोलल्यानं फरक पडतो, याचा पुरावा आपल्या विदर्भातच आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. मोठी इस्पितळं बांधली नाहीत. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं. ती घरोघरी, बैठकीत, पारावर नैराश्याबद्दल बोलायची, ऐकून घ्यायची, आणि गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यायची. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्री या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. आपल्यासारख्याच कापूस-सोयाबीनच्या मुलखातली ही गावं आहेत. ती बोलू शकतात, तर आपणही बोलू शकतो.

मला धीर आला तो एका मराठी कुटुंबामुळे. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. परदेशात, नोकरी सांभाळून, मुलं सांभाळून त्यांनी पत्नीची काळजी घेतली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. ही गोष्ट त्यांनी उघडपणे सांगितली, आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथं रुग्णांचे नातेवाईक एकमेकांना भेटतात आणि बोलतात. 'देवराई' हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, २००४ सालचा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. तो बनला तो याच वाणींच्या पुढाकारानं. त्यात अतुल कुलकर्णींनी रुग्ण भाऊ केला आहे आणि सोनाली कुलकर्णींनी बहीण. माझ्या नवऱ्यानं तो सिनेमा पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या बहिणीचं जे होतं ना, ते माझंही होतं." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझ्या आजाराचा त्याला काय त्रास होतो हे तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. सांभाळणाऱ्या माणसालाही बोलायला जागा लागते, हे आपण विसरतो. पुढं याच दोन दिग्दर्शकांचा नैराश्यावरचा 'कासव' आला. त्याला २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, सुवर्णकमळ. म्हणजे हा विषय घराच्या कोपऱ्यात लपवण्याचा राहिलेला नाही.

आता जो प्रश्न तुमच्या मनात आहे, तो मीच काढते. मुलांच्या लग्नाचं काय? माझ्या मुलाचं लग्न ठरवताना घरात हाच वाद झाला. माझी मोठी जाऊ म्हणाली, "सांगशील त पोराचं लगन होनार नाई, माय. कायले सांगतं?" मी म्हटलं, सांगायचंच. पहिल्या घरी सांगितलं, त्यांनी चहा घेतला आणि पुन्हा फोन केला नाही. दुसऱ्या घरच्यांनीही तसंच केलं. मुलाचा चेहरा पाहून मला वाईट वाटायचं. तिसऱ्या घरच्या वडिलांनी विचारलं, "आम्ही तुमच्या डॉक्टरांना भेटू शकतो का?" मी त्यांना स्वतः घेऊन गेले. डॉक्टरांनी समजावलं की या आजारात आनुवंशिकतेचा भाग असतो, धोका थोडा वाढतो, पण आई किंवा वडिलांना असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. ती मुलगी आज माझी सून आहे. उन्हाळ्यात माझ्या आधी तिलाच आठवण असते की आईंची रक्ततपासणी करायची आहे.

रक्ततपासणीचं सांगते, कारण इथं कोणी ना कोणी ही गोळी घेत असेल. मी लिथियम घेते. लिथियम हा एक क्षार आहे. त्याचा उन्मादावर उपयोग होतो हे जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरनं १९४९ साली दाखवलं. जुनं, चांगलं औषध आहे, पण त्याचं रक्तातलं प्रमाण नेमकं राहावं लागतं. कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषबाधा. म्हणून ठरावीक काळानं रक्तातलं लिथियम, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासावं लागतं. लिथियमसाठी रक्त रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी देतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४३-४४ वर असताना, घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं. म्हणून मी निर्जळी उपास करत नाही. हरितालिकेला मी पाणी पिते, हे काही जणींनी पाहिलं आहे आणि मनात प्रश्नही आला असेल. त्याचं उत्तर हे. जुलाब-उलट्या झाल्या, तर लगेच डॉक्टरांना फोन. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेत नाही, कारण आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनीही लिथियम वाढतं. हात खूप थरथरायला लागले, चाल डगमगली, बोलणं जड झालं, तर थेट दवाखाना गाठायचा. आणि बरं वाटतंय म्हणून मनानं गोळी बंद करायची नाही. बीपीची गोळी आपण बरं वाटलं म्हणून सोडतो का?

दुसरी गोष्ट झोप. माझ्या आजारात जागरण म्हणजे पेट्रोलच्या टाकीजवळ काडी. म्हणून कोजागरीला मी गच्चीवर दूध पिऊन दहालाच खाली येते. नवरात्रात स्पीकर वेळेत बंद करण्याचा आग्रह मी धरते, तेव्हा काही तरुण मंडळी नाराज होतात. त्यांना आज कारण कळलं. झोपेची गरज तान्ह्या बाळाला असते, बारावीच्या पोराला असते, मलाही असते.

आता जरा जड विषय. आपल्यापैकी बहुतेकांची शेती गावाकडं आहे, भाऊ तिथं आहे. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत आपल्या वाशिमचं नाव येतं. कर्ज, पाऊस, भाव ही कारणं आहेतच आणि त्यांची उत्तरं सरकारनं द्यायची आहेत. पण त्या माणसाच्या मनात जे चालतं, त्याकडं घरच्यांना लक्ष देता येतं. झोप उडाली, बोलणं कमी झालं, "माझ्यामागं तुमचं कसं होईल" अशी भाषा आली, तर सरळ विचारा: "दादा, जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. आणि फवारणीची औषधं घरात हाताशी ठेवू नका, कुलपात ठेवा. ती वाईट घडी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात हाताशी विष नसलं, तर माणूस वाचू शकतो.

कायदाही आता आपल्या बाजूनं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या १९व्या कलमात मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात, सगळ्यांमध्ये राहण्याचा हक्क आहे, त्याला वेगळं काढता येत नाही. कुठल्याही सोसायटीनं हे कलम लक्षात ठेवावं. २१व्या कलमानुसार विमा कंपनीनं मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यायचा आहे. ९५व्या कलमानं रुग्णाला साखळदंडानं बांधायला बंदी आहे. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत आणि जळून गेली. ११५व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस मोठ्या तणावाखाली होता असं मानायचं, त्याला शिक्षा नाही आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची. भूत काढतो म्हणून मारहाण करणाऱ्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. देवावर श्रद्धा असू द्या. मीही बालाजीच्या देवळात जाते. पण गोळी घेऊन जाते.

आणि आता अकोल्याची एसटी धरायची गरज राहिलेली नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. २०२४ साली वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. आणि कुठंच जावंसं वाटत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, तो सुरू केला. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. मी बोलले म्हणून प्रत्येकानं बोललंच पाहिजे, असं नाही. आजार गुप्त ठेवण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे, २३व्या कलमात. ज्याची नोकरी नवी आहे, जिचं सासर कसं आहे कोणाला ठाऊक नाही, त्यांनी आपली परिस्थिती पाहूनच ठरवावं. मी निवृत्त झाले आहे, मुलं मार्गी लागली आहेत, नवरा पाठीशी आहे. मला बोलणं परवडतं, म्हणून ज्यांना परवडत नाही त्यांच्या वतीनं मी बोलते. पण निदान दोन माणसांना तरी सांगा. एक डॉक्टर आणि एक आपलं माणूस.

आजच्या विषयाची पाटी फळ्यावर लागली, तेव्हापासून तिघं जण मला जिन्यात भेटले. नावं सांगणार नाही. एक जण म्हणाले, "मॅडम, मलेबी रातभर झोप येत नाई. कोनाले सांगू?" मी म्हटलं, मला सांगा. आम्ही सोमवारी रुग्णालयात जाऊन आलो.

शेजारी म्हणून काय करायचं, ते थोडक्यात सांगते. "मनाला लावून घेऊ नको", "जरा बाहेर फिरून ये" हे आजारी माणसाला सांगू नका. तसं जमत असतं, तर त्यानं ते केलं असतं. त्याऐवजी डबा द्या, त्याच्या मुलांना शाळेत सोडा, सोबत दवाखान्यात चला. येडा, मेंटल, डोक्यानं गेलेला हे शब्द मुलांच्या तोंडातून काढा. मुलं ते आपल्याकडूनच शिकतात. रुग्णालयातून परतलेल्या माणसाला भेटायला जा, जसं बायपासवाल्याला भेटायला जातो. सफरचंदं न्या, पण डोकं कसं आहे असं विचारू नका. "कसे आहात?" एवढं पुरतं. आणि कोणी पुन्हा बिघडला तर "परत झालं का" म्हणून सुस्कारा टाकू नका. मधुमेह्याची साखर परत वाढते, तसाच हाही आजार परत येऊ शकतो.

समितीला माझ्या दोन विनंत्या आहेत. फळ्यावर अग्निशमन आणि गॅसचा नंबर आहे, त्याखाली १४४१६ लिहा. आणि महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी हे सभागृह तासभर मोकळं ठेवा. मी येऊन बसेन. कोणी आलं तर बोलू, नाही आलं तर मी स्वेटर विणेन.

शेवटी आभार. पंचवीस वर्षं तुम्ही मला फक्त शिक्षिका म्हणून, शेजारीण म्हणून वागवलंत. उद्या सकाळी दूध घ्यायला खाली येईन, तेव्हाही तसंच वागवा. गॅलरीतून नेहमीसारखी हाक मारा, पाण्याच्या टँकरवरून नेहमीसारखं भांडा. माझं एवढंच मागणं आहे.